एकटीनं चालायला जाताना: चप्पल-बूट चढवण्याआधीपासून घरी पोचेपर्यंत

मी पहाटे एकटी चालायला जाते हे ऐकलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुणी मागे लागलं तर?" अकरा वर्षं झाली. माणूस मागे लागल्याचा प्रसंग एकदा आला. गाडी अंगावर येता येता राहिली असे प्रसंग मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरणार नाहीत. एकदा घोटा मुरगळून रस्त्याच्या कडेला चाळीस मिनिटं बसून होते, कुत्र्यांनी दोनदा अडवलं आणि एकदा उन्हानं डोकं इतकं भणभणलं की घराकडचं वळण चुकले.

म्हणजे आपल्याला भीती ज्या क्रमानं वाटते, त्या क्रमानं धोके येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगभरात वर्षाला सुमारे ११.९ लाख माणसं रस्ते अपघातांत जातात, आणि त्यांत दर पाचांमागे एकाहून अधिक जण पायी चालणारे असतात. त्यामुळे या लेखात गाड्या आणि स्वतःचं शरीर आधी येतं. माणसांची पाळी बरीच उशिरा.

पहिलं काम: कुणाला तरी वाट पाहायला लावा

एकटं चालण्यातला खरा धोका पडण्यात कमी आणि पडल्यावर कुणाला पत्ता नसण्यात जास्त आहे. घोटा मुरगळला तर तो बरा होतो, पण "आई अजून कशी आली नाही" हा विचार घरी दोन तासांनी सुचला, तर ते दोन तास महाग पडू शकतात.

"जाऊन येते गं" एवढं सांगून भागत नाही. तीन गोष्टी सांगायच्या: वाट कोणती, परत किती वाजता, आणि वेळ टळली तर समोरच्यानं नेमकं काय करायचं. तिसरी गोष्ट बहुतेक जण सांगतच नाहीत, आणि खरी कामाची तीच. माझा वहिनीला जाणारा रोजचा मेसेज असा असतो: "५:४० ला निघाले. तळ्याची फेरी, उजवीकडून. ६:४५ पर्यंत 'पोचले' आलं नाही तर फोन कर. उचलला नाही तर ७ ला दादाला तळ्याकडे पाठव." आता तो साठवलेलाच आहे. वेळ आणि वाट तेवढी बदलते.

ठरलेली वेळ जरा सैल ठेवा. अगदी काटेकोर ठेवली तर रोज पाच मिनिटांचा उशीर होतो, रोज खोटी धावपळ होते आणि महिनाभरात पलीकडचा माणूस मेसेज बघायचं सोडून देतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास पाठवता येतं. फिरायला १ तास पुरतो. पण तो नकाशावरचा ठिपका कुणी बघत बसत नसतं, हे लक्षात ठेवा. शोधायची वेळ आली तर कुठे शोधायचं एवढं त्यातून कळतं. शोधायला हवं हे कळण्यासाठी ठरलेली वेळच लागते. आयफोनमध्ये आयओएस १७ पासून मेसेजेसमध्ये 'चेक इन' आहे. ठरल्या वेळेत पोचला नाहीत आणि फोनच्या विचारण्याला उत्तरही दिलं नाहीत, तर निवडलेल्या माणसाला तो आपणहून कळवतो.

घरात एकटेच राहत असाल तर वाट पाहणारं माणूस जवळचंच हवं असं नाही. दुसऱ्या देशातली मैत्रीणही चालेल. तुमच्या पहाटे तिच्याकडे दुपार असेल तर उलट बरंच. मात्र तुमच्या गावातल्या एखाद्या शेजाऱ्याचा नंबर तिच्याकडे असायला हवा.

फोन एकदाच नीट लावून ठेवा

हे दहा मिनिटांचं काम आहे आणि एकदाच करायचं आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन आणीबाणीची माहिती भरा: जवळच्या दोघांचे नंबर, आजार, चालू औषधं, कशाची अ‍ॅलर्जी. ही माहिती फोनचं कुलूप न उघडता दिसेल अशी सोय चालू करा. तुम्ही बेशुद्ध असाल तर मदतीला आलेल्या माणसाला तुमचा पासवर्ड कोण सांगणार?

मग आणीबाणीचा कॉल कसा लागतो ते बघून ठेवा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं बटण भराभर पाच वेळा दाबायचं, आयफोनमध्ये बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरायचं. तुमच्या फोनमध्ये हे चालू आहे की नाही आणि कॉल लागण्याआधी तो किती सेकंद उलटे मोजतो, हे घरी बसून पाहा. ११२ हा मोबाइलवरचा आणीबाणीचा क्रमांक कितीतरी देशांत चालतो, पण तुमच्या भागातला क्रमांक वेगळा असेल तर तो पाठ असू द्या.

शिवाय एक चिठ्ठी. फोन फुटतो, भिजतो, हातातून उडून झुडपात पडतो. खिशात नाव, एक नंबर, आजार आणि औषधं लिहिलेला कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. रक्तगट लिहायला हरकत नाही, पण रुग्णालय तो पुन्हा तपासूनच घेतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे की नाही, हे त्याहून आधी कळायला हवं असतं. घरचा पत्ता मात्र लिहू नका, निदान किल्लीच्या जवळ तरी नाही. दोन्ही एकत्र हरवले तर ज्याला सापडतील त्याला काही विचारावं लागणार नाही.

चालण्याची नोंद ठेवणारं अ‍ॅप वापरत असाल तर तुमची वाट कुणाकुणाला दिसते ते एकदा तपासा. २०१७ च्या अखेरीस स्ट्राव्हा नावाच्या अशाच एका अ‍ॅपनं जगभरातल्या धावणाऱ्या-चालणाऱ्यांच्या वाटांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला, आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की त्यात निर्जन भागातल्या लष्करी तळांच्या आतल्या फेऱ्याही उजळून निघाल्या आहेत. सैनिकांच्या फेऱ्या दिसतात, तर तुम्ही रोज ५:४० ला कोणत्या दारातून निघता तेही दिसू शकतं. खातं खाजगी करा आणि घराच्या आसपासचा तुकडा लपवण्याची सोय असते ती चालू करा.

वाट: आधी उजेडात बघा

नवीन वाटेवर पहिल्यांदा अंधारात जाऊ नका. दिवसा एकदा जाऊन या, आणि पाय सोडून बाकी सगळ्याकडे बघा. फूटपाथ कुठे संपतो? झाकण नसलेली गटारं कुठे आहेत? फोनची रेंज कुठे जाते? तुम्ही जाणार त्या वेळी उघडं काय असतं? रात्रपाळीचा पहारेकरी, दवाखाना, पेट्रोल पंप असं जिथे हक्कानं आत शिरता येईल, अशी दोन-तीन ठिकाणं मनात पक्की करा.

सरळ जाऊन त्याच वाटेनं परत येण्यात एक गोम आहे: तुम्ही घरापासून सगळ्यात लांब असता तेव्हा निम्मी ताकद खर्च झालेली असते. मला आठच्या आकड्यासारखी वाट आवडते. घर मधल्या गाठीवर. एक फेरी झाली की घरावरून जायचं, पाय कुरकुरत असतील तर तिथेच थांबायचं. लांबी तेवढीच भरते, पण आपण कधीच फार दूर नसतो.

वेळ आणि दिशा अधूनमधून बदलत राहा. आज उजवीकडून, उद्या डावीकडून.

ढगांचा गडगडाट ऐकू आला तर फेरी रद्द, यावर माझ्याकडे चर्चा नाही. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे ३० सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. वीज तेवढ्या किंवा त्याहून कमी अंतरावर असेल तर ताबडतोब पक्क्या इमारतीत किंवा पत्र्याच्या टपाच्या बंद गाडीत शिरायचं. झाडाखाली नाही. आणि शेवटचा गडगडाट होऊन ३० मिनिटं होईपर्यंत बाहेर यायचं नाही.

दिसणं

हा भाग मी लांबवणार आहे, कारण मी स्वतः यात सात वर्षं चुकत होते.

गडद निळं जॅकेट, काळी पँट. मळत नाही, छान बसतं. एका रात्री भाचा घरी आला होता, त्याला म्हटलं, गाडीचे दिवे डिपरवर ठेवून रिकाम्या रस्त्याच्या टोकाला बसून राहा, मी समोरून चालत येते, दिसले की हॉर्न दे. मला पुढचे दोन झगझगीत दिवे लांबूनच दिसत होते. मी चालते आहे, चालते आहे, हॉर्न काही वाजेना. मला वाटलं पोरगं फोनमध्ये बघत बसलं. शेवटी वाजला तेव्हा पावलं मोजली. गाडीपर्यंत चाळीस पावलं, म्हणजे पंचवीसेक मीटर. "आत्या, आधी फक्त तुझ्या बुटावरचं काहीतरी चमकत होतं," तो म्हणाला. "मला वाटलं मांजर आहे."

आता गणित करा. ताशी ५० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर पडायला दीड सेकंद धरला तर २१ मीटर तसेच गेले, गाडी अजून हळूही झालेली नाही. उरलेल्या चार मीटरमध्ये कुठलीच गाडी थांबत नाही. आणि हे चालकाला माहीत होतं की कुणीतरी येणार आहे. अनोळखी चालकाला तेही माहीत नसतं.

यातली मेख अशी की आपल्याला दिवे स्पष्ट दिसतात, म्हणून आपणही त्याला दिसतो असं आपण धरून चालतो. उजेडाकडून अंधाराकडे बघणं आणि अंधारातून उजेडाकडे बघणं यांत फार फरक आहे.

दुसऱ्या फेरीला मी दोन्ही घोट्यांवर आणि मनगटांवर चमकत्या पट्ट्या बांधल्या. हॉर्न मी चालायला लागताच वाजला. पट्टीचं गुपित तिच्यातल्या बारीक काचमण्यांत असतं. आलेला प्रकाश ते इकडेतिकडे न पसरवता जिथून आला तिकडेच, म्हणजे चालकाच्या डोळ्यांकडे, परत पाठवतात. पट्टी छातीवर असण्यापेक्षा घोट्यांवर असणं जास्त कामाचं, कारण ती हलते. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर योहानसन यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं की अंधारात माणसाच्या सांध्यांवर नुसते ठिपके उजळले तरी ते चालू लागताच बघणाऱ्याला क्षणात 'माणूस' दिसतो. छातीवरची स्थिर पट्टी एखादी पाटी किंवा खांब वाटू शकते. वरखाली होणारे दोन घोटे दुसरं काही वाटू शकत नाहीत. फिनलंडमध्ये तर अंधारात पायी चालणाऱ्यानं रिफ्लेक्टर लावावा असं कायद्यातच आहे.

खरेदी करताना एक गोंधळ टाळा. भडक पोपटी किंवा नारिंगी फ्लोरोसंट कापड दिवसा आणि संधिप्रकाशात उठून दिसतं, कारण ते सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांवर चालतं. रात्री ते साधं कापड होतं. चमकती पट्टी याच्या उलट: दिव्याचा झोत पडल्याशिवाय ती करडी चिंधी असते. पहाटे निघून उजाडल्यावर परतणाऱ्याला दोन्ही हवेत.

टॉर्च हातात आणि झोत पायापुढे जमिनीवर. डोक्याला बांधायचा दिवा असेल तर समोरून गाडी येताना मान खाली घाला. चालकाचे डोळे दिपवून आपलाच तोटा. आणि अंधारात फोनचा पडदा बघू नका. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, एका झगझगीत मेसेजनं ती मेहनत वाया जाते.

एक खूण सूर्य उगवतानाची आणि मावळतानाची. तुमची लांब सावली समोरून येणाऱ्या गाडीच्या दिशेनं पडली असेल, तर सूर्य तुमच्या पाठीशी आहे, म्हणजेच चालकाच्या डोळ्यांत आहे. तुम्ही कितीही भडक कपडे घातले असले तरी त्या क्षणी त्याच्या लेखी तुम्ही नाही. रस्त्यापासून दूर व्हा, गाडी जाऊ द्या.

रस्त्यावर

फूटपाथ असेल तर फूटपाथ. नसेल तर समोरून येणाऱ्या गाड्यांना तोंड करून, कडेनं. गाड्या डावीकडून चालणाऱ्या देशात याचा अर्थ रस्त्याची उजवी कड, उजवीकडून चालणाऱ्या देशात डावी. रस्ते वाहतुकीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारातही हेच सांगितलं आहे, आणि लगेच अपवादही दिला आहे: तसं चालणं धोक्याचं असेल ती जागा सोडून. अशी जागा म्हणजे मुख्यतः आंधळं वळण. वळणाच्या आतल्या कडेनं चालत असाल तर गाडी तुमच्यावर येऊन ठेपेपर्यंत दोघांनाही दिसत नाही. वळणाच्या बऱ्याच आधी रस्ता ओलांडा, बाहेरच्या कडेनं वळण पार करा, मग परत या. चढाच्या माथ्यावरही कान टवकारून चाला.

समोरून येणाऱ्यांकडे तोंड केलं की पाठीमागची काळजी मिटली असं मात्र नाही. मागून येणारी गाडी पुढच्या गाडीला ओलांडायला बाजू सोडते तेव्हा ती तुमच्या कडेला, तुमच्या पाठीवर येते. माझे अंगावर काटा आणणारे बहुतेक प्रसंग याच जातीचे. म्हणून मागे दोन इंजिनांचा आवाज ऐकू आला की मी रस्त्याखाली उतरते.

रस्ता ओलांडताना गाडी बघण्यापेक्षा चालकाची मान बघा. वळू पाहणारा चालक ज्या बाजूनं गाड्या येतात तिकडेच बघत असतो. तुम्ही दुसऱ्या बाजूनं आलात तर तो तुमच्याकडे एकदाही न बघता गाडी काढतो. त्याची नजर तुमच्यावर आल्याशिवाय त्याच्या पुढून जायचं नाही, मग हक्क कुणाचाही असो. फाटकातून मागे येणाऱ्या गाडीचंही तेच: मागचे पांढरे दिवे लागलेले दिसले की थांबा.

कानांबद्दल थोडं सक्त बोलते. दोन्ही कानांत बोंडं घालून, आणि त्यातही बाहेरचा आवाज गाळणारी सोय चालू ठेवून रस्त्यानं चालणं म्हणजे मागचे डोळे स्वतःच बांधून घेणं. एकच कान, गाडीकडचा मोकळा. विजेवरच्या गाड्यांनी तर कानाचं काम आणखी अवघड केलं आहे. युरोपीय संघात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विद्युत मोटारीला ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज काढणं बंधनकारक आहे ते याचसाठी. तो हळू गाडीचा आवाज भजनाखाली किंवा पॉडकास्टखाली सहज दबतो.

फोन बघायचाच असेल तर थांबा, भिंतीला पाठ लावा, बघा, आत ठेवा, मग चाला.

पाय आणि छाती

माझा घोटा मुरगळला तो खड्ड्यात नाही, सपाट रस्त्यावर, उखडलेल्या डांबराच्या दोन बोटं उंच कडेवर. हात जॅकेटच्या खिशात होते, म्हणून तोलही सावरता आला नाही. तेव्हापासून थंडी असली तर हातमोजे घालते, हात बाहेरच. फोन त्या दिवशी घरी चार्जिंगला होता. वर लिहिलेला मेसेजचा नियम त्या चाळीस मिनिटांत तयार झाला.

पडलात तर झटकन उठू नका. लाजेनं आपण उठतो, कुणी बघितलं का ते बघतो आणि दुखावलेल्या पायावर सगळा भार टाकतो. बसून राहा, आधी रस्त्याच्या बाहेर सरका, मग एकेक सांधा हलवून बघा. घोट्यासाठी डॉक्टर वापरतात ती एक कसोटी आपल्यालाही कळण्यासारखी आहे. ती कॅनडातल्या ओटावात १९९२ मध्ये बसवली गेली: पडल्यापडल्या आणि नंतरही दुखऱ्या पायावर भार देऊन चार पावलं टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला वा टोकाला दाबल्यावर दुखलं, तर एक्स-रे काढायचा. अशा पायानं लंगडत घरी जाण्याची जिद्द दाखवू नका. बोलवा कुणाला तरी.

वेग किती ठेवायचा? चालताना वाक्य पुरं बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका. एकटे असाल तर वाक्य स्वतःशीच बोला, मी सकाळची कामं मोजते. छातीत दाब किंवा आवळल्यासारखं, ते हातात, जबड्यात किंवा पाठीत उतरत जाणं, थंड घाम, अचानक दम तुटणं, यांतलं काहीही झालं तर थांबा, बसा आणि आणीबाणीचा क्रमांक लावा. बायकांमध्ये नुसती मळमळ आणि न समजणारा थकवा एवढ्यावरही हृदयविकार येऊ शकतो. "पित्त असेल" म्हणून उरलेली फेरी पुरी करायची नाही.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांच्या खिशात ग्लुकोज हवंच. हात थरथरणं, घाम, डोकं जड, चिडचिड. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज खायचं, १५ मिनिटं बसायचं, पुन्हा तपासायचं. आधी बसायचं, मग पुडी शोधायची. चालणं संपल्यावर काही तासांनीही साखर उतरू शकते, हे घरच्यांनाही माहीत असू द्या.

उन्हाचा त्रास एकट्याला जास्त फसवतो, कारण डोकं गोंधळलं आहे हे गोंधळलेल्या डोक्याला कळत नाही. मी वळण चुकले त्या दिवशी मला अगदी बरोबर चालले आहे असंच वाटत होतं. म्हणून त्याआधीच्या खुणा धरा: डोकेदुखी, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, उन्हात उभं असून अंगावर शहारे. तिथेच सावली गाठायची, अंग ओलं करायचं आणि कुणालातरी फोन करून बोलत राहायचं.

कुत्री

पळू नका. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्यांचा स्वभाव आहे आणि शर्यत आपण हरणार हे ठरलेलं आहे. थांबा, अंग थोडं तिरकं करा, हात शरीराजवळ, डोळ्यांत रोखून बघू नका. पिशवी किंवा बाटली मध्ये धरा, चावायचंच झालं तर ती चावू दे. त्याचा जोर ओसरला की पाठ न दाखवता, मोठा वळसा घेत हळूहळू दूर व्हा. पिल्लं जवळ असतील तर ती वाटच सोडा. खाली पडलात तर अंगाचं मुटकुळं करा आणि हातांनी मान व कान झाका.

चावलं, किंवा दात लागून नुसतं खरचटलं, तरी वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम पुरी १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून, कारण अंदाजानं आपण दोन मिनिटांत थांबतो. आणि त्याच दिवशी लशीसाठी डॉक्टरांकडे. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की तो जवळपास नेहमीच जीव घेतो, त्याआधी लस वेळेत घेतली तर टळतो. घरगुती लेप लावून "बघू उद्या" इतकं या एका बाबतीत चालत नाही.

माणसं

माझा तो एकमेव प्रसंग. एक मोटार हळूहळू माझ्या बाजूनं, माझ्याच वेगानं येत होती. मी चटकन उलट फिरले आणि आले त्या दिशेनं भराभर चालू लागले. गाडीला वळायला जागा आणि वेळ लागतो, माणसाला एक टाच पुरते. वळून परत येईपर्यंत मी पहारेकऱ्याच्या चौकीत उभी होते. पोटात गोळा आला होता हे खरंच, पण चौकी कुठे आहे हे आधीच ठरलेलं होतं, म्हणून पाय आपोआप तिकडे गेले.

पायी कुणी मागे आहे अशी शंका आली तर रस्ता ओलांडा. तोही ओलांडला तर परत ओलांडा. दोनदा योगायोग होत नाही. मग वळून त्याच्याकडे सरळ एकदा बघा, म्हणजे तो आपल्या लक्षात आला आहे हे त्याला कळतं. खोटं खोटं फोनवर बोलण्यापेक्षा खरा फोन लावा आणि मोठ्यानं सांगा: कुठे आहे, मागे कोण आहे, कपडे कुठले आहेत. उजेडाकडे, माणसांकडे चला. घरी जाऊ नका, त्याला दार दाखवायचं नाही. आणि हे सगळं शंकेवरच करा, खात्री होईपर्यंत थांबू नका. एखाद्या निरपराध माणसाला वाईट वाटलं तर वाटू दे.

पत्ता विचारणाऱ्याला दीड हात लांबून, चालता चालता उत्तर द्यायचं. गाडीच्या खिडकीत वाकायचं नाही.

वस्तू मागितली तर देऊन टाका. हातात नव्हे: एका बाजूला लांब फेका आणि दुसऱ्या बाजूला पळा.

शिट्टी हे माझं आवडतं हत्यार. घाबरलं की आवाज घशात अडकतो, पण फुंकर मारता येते. ती गळ्यात नको, दोरीला हिसका बसू शकतो. मनगटाला असू दे. तीन लांब शिट्ट्या, थांबा, पुन्हा तीन, ही मदतीची खूण बऱ्याच ठिकाणी ओळखली जाते. आल्प्सच्या डोंगरात ती मिनिटाला सहा अशी असते. मिरचीच्या फवाऱ्याचं मला फारसं कौतुक नाही. काही देशांत तो बाळगणंच गुन्हा आहे, वारा उलटा असला तर तो आपल्याच डोळ्यांत जातो, आणि बहुतेकींचा पिशवीच्या तळाशी असतो. पिशवीच्या तळाच्या फवाऱ्यापेक्षा मनगटावरची शिट्टी बरी.

परत येताना

शेवटच्या वळणावर पाय सैल पडतात आणि लक्षही. किल्ली दाराशी उभं राहून शोधायची नाही, फाटकाच्या बऱ्याच आधी हातात घ्यायची. आत शिरा, दार लावा, मग बूट काढण्याआधी मेसेज. बूट काढायला बसलं की चहा ठेवावासा वाटतो, आणि चहा ठेवला की मेसेज राहतो.

माझा गेल्या महिन्यात राहिला. ६:४६ ला फोन वाजला, मी आंघोळीला गेले होते. सात वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं तर दादा दारात, रात्रीच्याच कपड्यांत, तळ्याला अर्धी फेरी मारून आलेला. वहिनी फोनवर दहा मिनिटं बोलत होती, आणि त्यात मला उत्तर द्यायला कुठेच जागा नव्हती. तेव्हापासून "पोचले" मी फाटकातच टाइप करून ठेवते आणि दार लावलं की पाठवते.